गप्पाटप्पा : राहून गेलेला फोटो

मंडळी, इथल्या लोकांना आगगाडीचे वेड किती, हे तुम्हाला सांगायला नको. प्लॅटफॉर्मच्या टोकाला थर्मास आणि कॅमेरा घेऊन भर पावसात उभे राहिलेले साहेब आपण सर्वांनी पाहिले आहेत. पूर्वी आम्ही त्यांना हसत असू. आता हसत नाही. का, ते ऐका.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता स्टॅफर्डशायरमधल्या मॅनिफोल्ड खोऱ्यात गेलो होतो. वॉटरहाउसेसपासून हल्म एंडपर्यंत आठेक मैलांची छान सपाट पायवाट आहे. एके काळी तिथे अडीच फुटी रेल्वे होती. 1904 साली सुरू झाली, 1934 साली बंद पडली. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, हे कळले आणि आम्ही जागीच थांबलो. अहो, हा तर आमच्या बार्शी लाइटचा कॅल्थ्रॉप!

सोलापूरकडच्या मंडळींना ठाऊक आहेच, इतरांसाठी सांगतो. जी. आय. पी.ची मोठी लाईन बार्शीला बगल देऊन गेली होती. कॅल्थ्रॉपने 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी छोटी गाडी सुरू केली. प्रत्येक आसावर साधारण पाच टनच भार, म्हणून हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जाई. पुढे ही लाईन पंढरपूरला, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला पोचली. बार्शी काय आणि मॅनिफोल्ड काय, दोन्हीकडे लीड्सच्या किटसन कारखान्याची इंजिने धावली. आषाढीला मात्र आमच्या गाडीच्या टपावरही वारकरी असत. ते भाग्य स्टॅफर्डशायरच्या नशिबी कुठले!

1979 च्या डिसेंबरात आम्ही देशातून परत निघालो, तेव्हा अण्णा बार्शीहून कुर्डुवाडीपर्यंत पोचवायला आले. गळ्यात इथून नेलेला कॅमेरा, रोलमध्ये तीन फोटो शिल्लक. इंजिन पाणी पीत उभे होते. अण्णा त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, “एक काढ की रे, गाडीबरोबर.” त्या काळी स्टेशनवर परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई असे, तेच आम्ही पुढे केले. खरे कारण निराळे होते. रोल महाग, आणि ही गाडी काय, रोजचीच! आम्ही म्हणालो, “पुढच्या वेळी काढू, अण्णा.” ते हसले आणि टोपी नीट करून बाजूला झाले.

ते तीन फोटो आम्ही विमानाच्या खिडकीतून काढले. तिन्हींत पंख आला आहे. 1981 साली अण्णा गेले. तार हाती पडली तेव्हा तिकडचे सगळे आटोपले होते. पुढे नव्या शतकात लाईनही रुंद झाली आणि छोटी गाडी इतिहासजमा झाली.

परवा एका जुन्या रेल्वेच्या जत्रेत, पुस्तकांच्या टेबलावर कुर्डुवाडीचा फोटो मिळाला. कुणा साहेबाने मुद्दाम तिथवर जाऊन काढलेला. इंजिन अगदी तसेच. आम्ही चष्मा पुसून प्लॅटफॉर्मवरचे एकेक पांढरे धोतर न्याहाळले. अण्णा नव्हते. असणार तरी कसे? तरी फोटो घेतला. ज्या गाडीला आम्ही रोजची म्हणालो, तिच्यासाठी तो माणूस समुद्र ओलांडून गेला होता.

तेव्हा मंडळी, दोन विनंत्या. कुणाच्या अल्बममध्ये बार्शी लाइट, माथेरानची गाडी किंवा मूर्तिजापूरची शकुंतला असेल, तर दिवाळीच्या फराळाला घेऊन या. आपण एक भिंत सजवू. आणि देशात जाल तेव्हा पोचवायला आलेल्या माणसाचा फोटो आधी काढा. आता फोनमध्ये रोल संपत नाही, त्यामुळे आमच्यासारखी सबबही सांगता येणार नाही.