पाना-पक्कड : ब्रेक नसलेली शर्यत

गेल्या दिवाळी अंकात या सदरात 'शाकेन'बद्दल, म्हणजे जपानमधल्या गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीबद्दल लिहिलं होतं. त्यावर कोल्हापूरहून आमच्या मावशींचा फोन आला. म्हणाल्या, "सगळं कळलं, पण इतकं तपासतात कशाला रे? माणसावर विश्वास नाही का?" प्रश्न साधा होता, उत्तर मात्र त्या दिवशी जमलं नाही. यंदा प्रयत्न करतो. त्यासाठी तुम्हांला ग्योतोकुहून दोन गाड्या बदलून फुनाबाशीला यावं लागेल आणि मग थोडं कोल्हापूरलाही.

तोझाई लाइनने निशी-फुनाबाशी, तिथून जेआरने एकच स्टेशन, मिनामी-फुनाबाशी. आपल्यापैकी बहुतेक जण तिथे लालापोर्टला किंवा आयकियात सामान आणायला जातात. त्याच भागात २०१६ पर्यंत मोटरसायकलींच्या शर्यतींचा एक ट्रॅक होता, फुनाबाशी ऑटो. जपानमध्ये या खेळाला 'ऑटो रेस' म्हणतात. युरोपातल्या स्पीडवेचा हा जपानी चुलतभाऊ. तिथे मातीचा ट्रॅक, चार स्वार आणि चार फेऱ्या. इथे डांबरी ट्रॅक, आठ स्वार आणि बहुतेक शर्यतींत सहा फेऱ्या. एक गोष्ट मात्र दोघांत सारखी आहे. गाडीला ब्रेक नसतो.

हो, खरंच नसतो. सरळ पट्ट्यावर ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेग आणि थांबायचं ते फक्त थ्रॉटल सोडून. अशा घोळक्यात एकाने अचानक ब्रेक दाबला तर मागचे सगळे त्याच्यावर आदळतील, म्हणून ब्रेकच काढून टाकलेला. वळण कायम डावीकडेच, त्यामुळे हँडलची डावी मूठ उजवीपेक्षा उंच असते, टायरचा आडवा छेद त्रिकोणी असतो आणि स्वाराच्या डाव्या बुटाला लोखंडी तळ बांधलेला असतो. वळणावर तो तळ डांबरावर घासत जातो.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक ओजीसान राहतात. तरुणपणी गॅरेजमध्ये काम केलेले. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलोय आणि मामाचं वर्कशॉप होतं, हे त्यांना कळल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा तिकडे नेलं. आमच्या सौभाग्यवतींना 'शर्यत' आणि 'तिकीट' हे दोन शब्द एका वाक्यात आलेले आवडले नाहीत. त्यांचं चुकलं असंही नाही. ऑटो रेस हा सरकारमान्य जुगार आहे. १९५० साली त्यासाठी कायदा झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिली शर्यत झाली, तीही फुनाबाशीलाच. युद्धात होरपळलेल्या गावांना पैसा हवा होता आणि मोटरसायकल उद्योगाला उभारी. शर्यती स्थानिक शासन भरवतं आणि नफा त्याच्या तिजोरीत जातो. हल्ली लोकांनी लावलेल्या पैशांतले सुमारे सत्तर टक्के बक्षीस म्हणून परत वाटले जातात. म्हणजे शंभर येन लावणाऱ्याच्या हाती सरासरी सत्तर उरतात. हे गणित मी घरी मांडलं आणि तिकीट न काढता नुसतं बघायला जायची परवानगी मिळवली.

मला ओढ होती ती इंजिनांची. पूर्वी या ट्रॅकवर ब्रिटिश ट्रायम्फ, जपानी मेगुरो अशी तऱ्हेतऱ्हेची इंजिनं धावत. ज्याच्याकडे पैसा आणि ओळखी, त्याच्याकडे चांगलं इंजिन. १९९३ पासून सगळ्यांना एकच इंजिन दिलं गेलं : सुझुकीने खास या खेळासाठी बनवलेलं, दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं 'सेआ'. वरच्या वर्गाच्या गाड्यांसाठी ते ५९९ सीसीचं असतं. गिअर दोनच.

मी ओजीसानना विचारलं, "इंजिन सगळ्यांचं एकच, मग मजा काय राहिली?" ते हसले आणि मला कुंपणापाशी घेऊन गेले. शर्यतीआधी स्वार चाचणी फेरी मारतात आणि त्या फेरीचा शंभर मीटरमागचा सरासरी वेळ फलकावर झळकतो. ३.३० सेकंद, ३.३३, ३.३६. इंजिन तेच, आकडे वेगळे. कारण इथे स्वारच आपला मेकॅनिक असतो. गाडी त्याच्या मालकीची असते, तिला तो आवडीचं नावही देतो आणि पाना त्याच्याच हातात असतो. व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर, क्रँक, टायरची निवड, सगळं त्याने करायचं. सकाळी थंड ट्रॅकवर उत्तम चाललेली गाडी दुपारी डांबर तापल्यावर रडते. पाऊस आला की सगळी गणितं पुन्हा पहिल्यापासून.

शेजारच्या एदोगावा वॉर्डात नदीच्या पाण्यावर बोटींच्या शर्यती होतात. तिथे मोटर शर्यतस्थळाची असते आणि चिठ्ठी टाकून वाटली जाते. नशिबाला दोष द्यायची सोय आहे. ऑटो रेसच्या स्वाराला तीही नाही. हरला तर इंजिन वाईट म्हणता येत नाही, कारण ते लावलंय त्यानेच. शिवाय जो जास्त चांगला, त्याला दहा-दहा मीटरने मागून सुटावं लागतं. नवख्याला पुढची रेघ, कसलेल्याला मागची.

आता नियमांचं. शर्यती सुरू होण्याच्या आदल्या दिवशी स्वार ट्रॅकवर हजर होतात. गाडीची तपासणी होते. मोबाइल जमा करावा लागतो. मग शर्यती संपेपर्यंत आवारातल्या वसतिगृहातच राहायचं, बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. घरी काही झालं तर निरोप अधिकाऱ्यांमार्फत. ही कडक शिस्त उगाच आलेली नाही. १९७० च्या आसपास जपानी बेसबॉलला ठरवून हरण्याच्या प्रकरणांनी काळिमा लागला, तेव्हा ऑटो रेसमधलेही स्वार त्यात सापडले होते. ज्या खेळावर लोक पैसे लावतात, त्यात एक स्वार जरा उशिरा सुटला तरी कुणाचं तरी घर बसतं.

बाहेरच्या स्पीडवेतही नियमांची कटकट कमी नाही. तिथलं इंजिन ५०० सीसीचं, एका सिलिंडरचं आणि मिथेनॉलवर चालणारं. सुरुवातीच्या फितीला गाडी लागली की स्वार बाद, दोन मिनिटांत रेघेवर आला नाही तरी बाद. २०११ मध्ये आवाज कमी करणारे नवे सायलेन्सर सक्तीचे केले, तेव्हा गाडी अंगावर येते म्हणून स्वारांनी मोठा आरडाओरडा केला होता. या खेळातलं एक गाजलेलं इंजिन जावाचं. आपल्याकडच्या येझदीचं माहेर ते हेच. हे ओजीसाननी सांगितलं तेव्हा मला मामाचं वर्कशॉप आठवलं आणि त्याबरोबर एक गोष्टही, जी मी तोवर कुणालाही सांगितली नव्हती.

ती सांगण्याआधी चिरंजिवांची गोष्ट सांगायला हवी.

फुनाबाशी ऑटोची शेवटची शर्यत २१ मार्च २०१६ ला झाली. सुट्टीचा सोमवार होता. मी सात वर्षांच्या मुलाला घेऊन गेलो होतो. गर्दी मोठी, म्हातारी माणसं डोळे पुसत होती. मुलाला त्यातलं काही कळलं नाही, पण त्या आवाजाने त्याला यंत्रांचं वेड लागलं. आता तो पंधरा वर्षांचा आहे आणि रोबोट बनवतो. या उन्हाळ्यात त्याचा संघ एका स्पर्धेला गेला. तीन महिने चौघं पोरं रविवारसुद्धा सोडत नव्हती. स्पर्धेच्या सकाळी रोबोट वजनाला ठेवला आणि मर्यादेपेक्षा चौदा ग्रॅम जास्त भरला. आदल्या रात्री एक पट्टी वाढवली होती, पुन्हा वजन करायचं राहिलं. ती काढून बसायला वेळ उरला नव्हता. परीक्षकांनी कमरेत वाकून माफी मागितली आणि संघाला बाद केलं.

चौदा ग्रॅम! एका बेसनाच्या लाडवाच्या निम्मंही नाही. मी रात्री आयोजकांना पत्र लिहायला बसलो. मुलांची मेहनत, नियमामागचा हेतू, असे दोन परिच्छेद झाले. जपानी तपासून घ्यावं म्हणून खाली ओजीसानकडे गेलो. त्यांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "बाकीच्या संघांनी वजन केलं होतं?"

"केलं असणार."

"त्यांच्यापैकी कुणीतरी अशीच एखादी पट्टी काढून टाकली असेल."

एवढंच बोलले. पत्र घेऊन मी वर आलो. चिरंजीव जागेच होते. म्हणाले, "बाबा, तुम्ही परीक्षक असता तर सोडलं असतं आम्हांला?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याला मामाची गोष्ट सांगितली.

मी बारा वर्षांचा होतो. सुट्टीत मामाच्या वर्कशॉपमध्ये पाने पुसायचं काम करायचो. गावच्या जत्रेत मोकळ्या रानावर मोटरसायकलींची शर्यत असायची. मामाची येझदी, २५० सीसीच्या आतल्या गटात. तिचा बोअर ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. गणित केलं तर २४९ सीसीच्या आत बसते. त्या वर्षी मामाने सिलिंडर रीबोअर करून एक मिलिमीटर मोठा पिस्टन घातला. बोअर ६६ झाला की इंजिन २५६ सीसीच्या वर जातं. तो पिस्टन माझ्याच हातातून मामाच्या हातात गेला. मी विचारलं, "चालतं का?" मामा म्हणाला, "कोण मोजतंय?"

कुणी मोजलं नाही. मामा पहिला आला. दुसरा आलेला मामाचा लंगोटीयार, त्याच्याकडेही येझदीच. शर्यतीनंतर त्याने पाठीवर थाप मारून विचारलं, "पिस्टन ष्टँडर्डच हाय न्हवं?" मामा हो म्हणाला. मी शेजारी उभा होतो, मीही मान हलवली. त्या मित्राने नंतर शर्यतीत गाडी उतरवली नाही. वर्कशॉपच्या फळीवर तो कप मामा असेपर्यंत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळायचो.

मुलगा ऐकत होता. मग म्हणाला, "एक मिलिमीटर म्हणजे आमच्या चौदा ग्रॅमसारखंच ना?" मी म्हटलं, "नाही. तुमचे ग्रॅम चुकून वाढले, आमचा मिलिमीटर मुद्दाम. पण दुसऱ्या नंबरच्या माणसाला दोन्ही सारखेच." पत्र मी पाठवलं नाही.

२०२३-२४ मध्ये जपानमध्ये काय झालं ते तुम्ही वाचलंच असेल. डिसेंबर २०२३ मध्ये डाइहात्सुने प्रमाणन चाचण्यांतल्या गैरप्रकारांमुळे सगळ्या गाड्यांची रवानगी थांबवली. जून २०२४ मध्ये आणखी पाच नामांकित कंपन्यांची नावं आली. मोठमोठे लोक कॅमेऱ्यासमोर वाकले. मला त्यात मामाचं वाक्य ऐकू आलं. कोण मोजतंय? ज्या जुगाराच्या ट्रॅकला आपण नाक मुरडतो, तिथे मात्र कुणीतरी मोजत असतं. आणि तरीही लोक आपखुशीने त्या कुंपणाआड जातात. स्मॅप या गाजलेल्या गायकवृंदातला मोरी कात्सुयुकी १९९६ मध्ये सगळी प्रसिद्धी सोडून ऑटो रेसमध्ये गेला. राष्ट्रीय अजिंक्यपद त्याला मिळालं ते नोव्हेंबर २०२० मध्ये. पुढच्याच जानेवारीत अपघातात तो जबर जखमी झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा ट्रॅकवर उतरला. इतक्या वर्षांनी मिळालेल्या त्या विजयाकडे कुणी बोट दाखवू शकत नाही. तपासणीने त्याला काय दिलं असेल तर हेच.

मावशी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे असं. तपासणी असते ती चोराला पकडायला, पण त्याहून जास्त ती सरळ माणसाच्या बाजूने साक्ष द्यायला.

गणपतीत कोल्हापूरला फोन लावला. मामा जाऊन बारा वर्षं झाली, पण त्याचा तो मित्र आहे, सत्तरी ओलांडलेला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर धीर करून म्हटलं, "काका, त्या शर्यतीत पिस्टन ष्टँडर्ड नव्हता. मला माहीत होतं."

पलीकडून जोरात हसू आलं. "आरं, गाडी सुटली तवाच आवाजावरनं वळाकलं हुतं मी."

"मग बोलला का नाही?"

"बोलून काय करू? मोजाया व्हर्नियर नगं? अख्ख्या गल्लीत एकच हुता, आन् तो तुझ्या मामाकडं."

दोघंही बराच वेळ हसलो. मग ते जरा थांबून म्हणाले, "पर बरं केलंस बाळा, सांगितलंस ते."

वर्कशॉप विकलं तेव्हा तो व्हर्नियर मामींनी मला दिला होता. इतकी वर्षं तो ग्योतोकुच्या घरात कपाटात पडून होता. आता चिरंजिवांच्या टेबलावर असतो, नव्या घेतलेल्या वजनकाट्याशेजारी.

शुभ दीपावली. फराळ भरपूर करा आणि लाडवाचं वजन मात्र करू नका.