घराला कुलूप, नाव पटावर, पोर फडात



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव, कर्ज आणि वीज हे विषय दरवेळी असतात तसे यंदाही आहेत. आम्ही त्यात आणखी एक घातला आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्याच माणसांच्या पोरांची शाळा. हा विषय मास्तरांच्या संघटनेचा आहे, आपला नव्हे, असे काही कार्यकर्त्यांचे म्हणणे पडले. आम्हांला ते पटत नाही. फडात जाणारा माणूस आभाळातून पडलेला नसतो. तीन-चार एकर कोरडवाहू रान, त्यात कापूस, तूर आणि घरापुरती ज्वारी, अशी त्याची शेती असते. पावसाने ओढ दिली, किंवा २०१७ साली पडली तशी गुलाबी बोंडअळी पडली, की मुकादमाच्या दारात उचल मागायला जो उभा राहतो तो हाच शेतकरी. सातबाऱ्यावर तो खातेदार आहे आणि वर्षातले पाच-सहा महिने तो बेघर आहे.

बेघर हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. गावात घर आहे, मान्य. पण त्या घराला दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कुलूप असते, आणि कुलपामागच्या घरात लेकरू झोपत नाही. ते झोपते कोपीत. बांबूच्या कामट्या, पाचट आणि वर प्लॅस्टिकचा कागद. दार नाही, दिवा नाही, संडास नाही. पहाटे अंधारातच नवरा-बायको फडात उतरतात, कारण दोघे मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल दोघांच्या अंगावर असते. मागे कोपीत आठ-दहा वर्षांची पोरगी राहते. धाकट्याला सांभाळणे, पाणी भरणे आणि भाकरी थापणे हीच तिची शाळा. पोरगा थोडा मोठा झाला की वाढे बांधतो, मोळ्या वाहतो, बैलगाडी हाकतो. जोडीशिवाय कोयता होत नाही म्हणून पोरीचे लग्नही लवकर उरकले जाते, आणि पुढच्या हंगामाला त्याच घरातून आणखी एक कोयता निघतो. मुकादमाला याहून काय हवे?

आता शाळेचा हिशेब बघा. शाळा जूनमध्ये उघडते. कारखान्याचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. म्हणजे दुसरे सत्र उसात जाते. गावच्या शाळेत नाव मात्र कायम असते. ते काढले तर पट कमी होतो, पट कमी झाला की शिक्षकाचे पद जाते, आणि २०२३ पासून तर २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्यानेच मागवले आहेत. म्हणून नाव पटावर आणि पोर फडात. आम्ही यात मास्तरांना दोष देत नाही. त्यांची नोकरी आपल्या पोरांच्या डोक्यांवर मोजली जाते, ती पद्धत त्यांनी केलेली नाही. पण या सोयीच्या खोट्यामुळे असे होते की सरकारच्या कागदावर शाळाबाह्य मूल दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्यासाठी कुणी तजवीज करत नाही. त्यातच २०२३ साली राज्याने नियम बदलून पाचवीची आणि आठवीची वार्षिक परीक्षा आणली. नापास झालेल्याला फेरपरीक्षा आहे, तीही गेली तर त्याच वर्गात बसायचे. दुसऱ्या सत्राचे पुस्तक ज्याने उघडलेच नाही, त्याचे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

कायदा काय सांगतो ते आता नीट वाचा, कारण ते आपल्याला कुणी वाचून दाखवत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे. कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाच्या, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या, कामांची यादी दिली आहे आणि तीत स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. कलम ५ प्रमाणे राज्यात किंवा राज्याबाहेर कुठेही शाळा बदलता येते. मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा, आणि दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. दाखल्याला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम १४ म्हणते, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. कलम १५ म्हणते, वर्ष अर्ध्यावर आले म्हणूनही नाकारता येणार नाही. आपल्यातल्या किती बापांना हे ठाऊक आहे? कारखान्याजवळच्या शाळेत 'आधी दाखला आणा, मग बघू' एवढे ऐकून माणूस परत कोपीवर येतो. आपले पुष्कळ लोक सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटकडे जातात. तिथे बहुतेक शाळा कन्नड, तेव्हा कायद्याने दार उघडले तरी मराठी पोराला आत जाऊन काय कळणार, हा प्रश्न उरतोच.

बेघर मुलांच्या शाळेचा प्रश्न फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात अशी मुले बारा लाखांच्या वर मोजली जातात. तिथे १९८७ साली यासाठी कायदा झाला. रात्री झोपायला पक्के, कायमचे आणि पुरेसे ठिकाण नाही तो मुलगा बेघर, अशी त्याची व्याख्या आहे. नातेवाइकाकडे दाटीवाटीने राहणारा, मोटारीत झोपणारा, आणि हंगामी कामामागे फिरणाऱ्या मजुराचा अशा हालात राहणारा मुलगाही त्या व्याख्येत बसतो. त्याला कागदपत्र नसले तरी लगेच वर्गात बसवायचे, भांडण असेल तर ते मागाहून. जुनी शाळा सोडायची नसेल तर तिथवर नेण्या-आणण्याची सोय करायची. आणि प्रत्येक ठिकाणच्या शाळा-प्रशासनात या मुलांसाठी एक माणूस नावानिशी नेमलेला असतो. तिकडे सगळे आलबेल आहे असे आमचे म्हणणे नाही. पण ती व्याख्या आपल्या कोपीला लावून पाहा, तंतोतंत बसते. आपल्याकडे कायदा आहे, जबाबदार माणूस मात्र नाही. जबाबदारी सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही.

राज्याने काहीच केले नाही असेही नाही. गावातच मुलांना ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आहेत. शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते, मूल आजी-आजोबांपाशी राहते, जेवणाची सोय होते आणि शाळा सुटत नाही. आमच्या मते आजवरच्या सगळ्या योजनांत हीच सर्वांत शहाणी. कोपीच्या शाळेपेक्षा गावची शाळा केव्हाही बरी. पण अनुभव असा की ट्रक वेशीवर लागतात दिवाळीनंतर, आणि मंजुरीचा कागद येतो ट्रक गेल्यावर. आईबाप तोवर पोर कुणाच्या भरवशावर ठेवणार? २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने दहा जिल्ह्यांतील ४१ तालुक्यांत मुलांची ४१ आणि मुलींची ४१, प्रत्येकी शंभर जागांची, अशी ८२ शासकीय वसतिगृहे मंजूर झाली. लाखो कोयत्यांच्या राज्यात ही आठ हजार दोनशे खाटांची सोय. ऊसतोड कामगार महामंडळासाठी गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घ्यायचे ठरले आहे. तो पैसा आपल्या माणसांनी तोडलेल्या उसावर मोजला जातो, तेव्हा त्यातून पोरांच्या शाळेवर किती खर्च होतो हे विचारणे म्हणजे मेहरबानी मागणे नव्हे.

आमचा प्रस्ताव असा. प्रत्येक गावशाखेने पोळ्यानंतरच्या पंधरा दिवसांत घरोघर जाऊन यादी करावी. कोणते कुटुंब जाणार, मुले किती, कोणत्या इयत्तेत, मागे म्हातारे माणूस आहे की नाही. ही यादी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, हेही कायद्यातच आहे. तेव्हा समिती आपलीच आहे, ती फक्त सह्यांपुरती ठेवू नका. समितीने ठराव करून हंगामी वसतिगृहाची मागणी दसऱ्याच्या आत गटशिक्षणाधिकाऱ्याकडे द्यावी आणि पोच घ्यावी. जी पोरे बरोबर न्यावीच लागतात त्यांच्या हाती मुख्याध्यापकाकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन द्यावे, आणि टोळी कोणत्या कारखान्याला जाणार ते मुकादमाकडून लिहून घ्यावे. जिल्हा परिषदेत या मुलांसाठी एक अधिकारी नावानिशी नेमावा, ही मागणी जिल्हा बैठकीत ठरावाने मंजूर करून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना समक्ष द्यावयाची आहे. ज्या गावांच्या याद्या तयार असतील त्यांनी त्या बैठकीला सोबत आणाव्यात.