नाचणीच्या कुकीने पोट उतरत नसतं!

मंडळी, हल्ली कंपनीत दर तिसऱ्या माणसाला स्टार्टअप काढायचंय, आणि त्यातून लठ्ठपणा घालवून समाजसेवाही करायचीय. आयडिया एकच: कोकणातल्या बचत गटांकडून नाचणी घ्यायची, कुकीज करायच्या, वर 'मिलेट' छापायचं आणि पुण्या-मुंबईत चौपट भावाने विकायच्या. ह्याला म्हणे सामाजिक उद्योजकता!

अहो, १०० ग्रॅम नाचणीत सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी असतात, तांदळाहून फारशा कमी नाहीत. तिचा गुण तंतूंमध्ये आहे. भाकरी खाल्ली की लवकर भूक लागत नाही. त्याच पिठात साखर आणि तूप ओतलं की बिस्किट ते बिस्किटच!

बरं, लठ्ठपणा आता फक्त आपल्यासारख्या खुर्चीबहाद्दरांचा राहिला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले; २०१५-१६ मध्ये हेच आकडे २१ आणि १९ होते.

आता महाड-पोलादपूरकडे बघा. पोलादपूरच्या डोंगरउतारावर, वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकते. पण खाली हायवेवर उतरलात, किंवा महाडच्या एमआयडीसीतून शिफ्ट संपवून बाहेर पडलात, की स्वस्तात हाताशी काय? वडापाव, भजी, वेफर्स. पिकतं तिथेच विकत मिळत नाही, राव!

"मग सरकारने करावं की!" केलं होतं. १९९५ मध्ये युती सरकारने १ रुपयात झुणका-भाकर आणली. पुढे अनुदान आटलं आणि कित्येक केंद्रांवर वडे तळले जाऊ लागले. कारण सोपं आहे. वडे घाण्यावारी निघतात, भाकरी एकेक थापावी लागते आणि उरली तर नुकसान.

खरा धंदा इथे आहे. बचत गटाला एमआयडीसीच्या कॅन्टीनची रोजची बांधील ऑर्डर मिळवून द्या, म्हणजे किती भाकऱ्या थापायच्या ते आदल्या दिवशीच कळेल. तेवढ्यावर रोजचा खर्च निघाला की एसटी स्टँडवर टपरी टाका आणि वडापावच्या भावात आंबील विका. ती तर पातेलंभर एकदम होते.

कुकीज खुशाल विका, पण त्याला धंदा म्हणा. समाजसेवा म्हणायचं असेल तर आधी महाडच्या स्टँडवर वडापावशी भाव जुळवून दाखवा. बघा पटतंय का!