पाड्याला वारसा म्हणताना जीभ का अडते?

पॅरिसमधल्या ‘मारे’ भागाचे रील्स तुमच्याही फोनवर आले असतील. दगडी चौक, जुने वाडे, खाली कॅफे. मारे म्हणजे दलदल. त्या पाणथळ जागेवर सरदारांनी वाडे बांधले. पुढे सरदार गेले आणि त्याच वाड्यांत कारागीर, छोटे कारखाने, पूर्व युरोपातून आलेले ज्यू दाटीवाटीनं राहू लागले. १९६२ साली सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांनी कायदा आणला: सुटी इमारत नव्हे, अख्खी वस्तीच वारसा म्हणून जपायची. दोन वर्षांनी मारेला ते संरक्षण मिळालं. आपण त्याचं कौतुक करतो, करायलाच हवं.

आता तोरणमाळला या. अक्राणी तालुका, सातपुडा, उंची हजार मीटरच्या वर. इथल्या पर्यटनाची माहिती शोधा, तीच यादी मिळेल: यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथ मंदिर, मच्छिंद्रनाथाची गुहा. थंड हवेचं ठिकाण! हवा आहे, पाणी आहे, दरी आहे. माणसं कुठं आहेत? भिल्ल आणि पावरा पाड्यांची नावं त्या यादीत नसतात. फार तर होळीत मोरपिसांचा टोप घातलेल्या कुणाचा तरी फोटो.

‘पण तिथं जुनं असं काय आहे?’ हा प्रश्न मला खरोखर चीड आणतो. पाडा म्हणजे डोंगरावर विखुरलेल्या झोपड्या नव्हेत. घराला लागून शेत, शेतापलीकडे दुसरं घर. लाकडी खांब, बांबूचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप. एकाच छपराखाली माणसं, गुरं आणि धान्याची कणगी. लेप दरवर्षी नवा होतो, कूड काही वर्षांनी बदलतो. जुनी आहे ती मांडणी, आणि ती उभी करणाऱ्या हातांची समज. जपानमधलं इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात, मागच्या वेळी २०१३ मध्ये. त्याला कुणी ‘नवं बांधकाम’ म्हणून हिणवत नाही.

मग लोकांनी कायम कुडातच राहायचं का? अजिबात नाही. पक्कं घर हा हक्क आहे आणि पावसाळ्यात गळणाऱ्या छपरात रोमँटिक काही नसतं. पण सरकारी घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, स्वयंपाकाची जागा धरून. त्यात बैल कुठं बांधायचा, मक्याची कणगी कुठं ठेवायची, हे पाड्यातल्या बाईला आधी विचारा की!

मारेची उरलेली गोष्ट रीलमध्ये नसते. भिंती वाचल्या, अंगणांत उभ्या राहिलेल्या कार्यशाळा मात्र ‘जुन्या नकाशात नव्हत्या’ म्हणून पाडल्या गेल्या. भाडी चढली, कारागीर आणि गरीब भाडेकरू शहराबाहेर फेकले गेले. तोरणमाळला हा असला वारसा नको. उद्या तलावाकाठी कुडाच्या भिंतींचं रिसॉर्ट उभं राहील, भिंतीवर वारली चित्रं असतील (वारली इथले नाहीतच, पण पर्यटकाला काय फरक पडतो) आणि ज्याच्या आजीनं कूड विणला तो तिथं पाहुण्यांच्या बॅगा उचलेल.

हे टाळण्यासाठी फ्रान्सचा कायदा आणायला नको. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की अनुसूचित क्षेत्रात गाव म्हणजे एखादा पाडासुद्धा असू शकतो, आणि परंपरा, सांस्कृतिक ओळख व सामुदायिक साधनं जपायला ग्रामसभा सक्षम आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्याला ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते. अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रातच येतो. म्हणजे वस्ती जपायचा अधिकार कागदावर आहे, तोही थेट तिथं राहणाऱ्यांच्या हातात. माल्रोच्या कायद्यातही एवढं नव्हतं.

तेव्हा तोरणमाळचा पुढचा पर्यटन आराखडा आधी पाड्यांच्या ग्रामसभांपुढे ठेवा. भिली-पावरीत वाचून दाखवा. आणि सह्या घेण्याआधी ‘नाही’ म्हणायला पुरेसा वेळ द्या.