विश्लेषण : अणुइंधनाची मोजमापे ‘कॉपी-पेस्ट’ झाली तेव्हा…

२०२५च्या अर्थसंकल्पात २०४७पर्यंत १०० गीगावॉट अणुऊर्जेचे उद्दिष्ट जाहीर झाल्यापासून आपल्याकडे अणुभट्ट्यांची संख्या, खर्च आणि खासगी कंपन्यांचा सहभाग यांवर बरीच चर्चा होते. इंधन बनवणाऱ्या कारखान्यातील तपासणीवर मात्र फारशी होत नाही. म्हणूनच ब्रिटनमधील सेलाफील्ड येथे १९९९मध्ये उघड झालेले प्रकरण आज पुन्हा समजून घ्यायला हवे. तेथे ना स्फोट झाला, ना किरणोत्सर्गाची गळती. तरीही जपानला पोहोचलेले इंधन परत आणावे लागले.

गोळीच्या व्यासाला एवढे महत्त्व का?

अणुभट्टीतील इंधन म्हणजे साधारण आठ मिलिमीटर व्यासाच्या, भट्टीत भाजलेल्या गोळ्या. झिर्कोनियम मिश्रधातूच्या लांब नळीत त्या एकावर एक रचतात, हेलियम वायू भरतात आणि नळी बंद करतात. गोळी बारीक निघाली तर नळी आणि गोळी यांतील फट वाढते, उष्णता बाहेर पडत नाही आणि गोळी जास्त तापते. जाड निघाली तर फुगल्यावर नळीवर दाब येतो. नळीला तडा गेला, की किरणोत्सर्गी द्रव्ये थेट भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्यात उतरतात.

सेलाफील्डमध्ये काय घडले?

कन्साई इलेक्ट्रिक या जपानी कंपनीच्या ताकाहामा केंद्रासाठी ‘बीएनएफएल’ ही ब्रिटिश सरकारी कंपनी युरेनियम आणि प्लुटोनियम यांचे मिश्र ‘मॉक्स’ इंधन बनवत होती. प्रत्येक गोळी आधी स्वयंचलित यंत्रावर मोजली जाई. मग प्रत्येक लॉटमधील २०० गोळ्या कामगार पुन्हा मोजत, तीही तीन-तीन ठिकाणी. म्हणजे लॉटमागे ६०० आकडे. काहींनी हे कष्ट न घेता जुन्या लॉटचे आकडे उचलून नव्या स्प्रेडशीटमध्ये चिकटवले. ऑगस्ट १९९९मध्ये दोन लॉटचे आकडे संशयास्पदरीत्या सारखे असल्याचे कंपनीच्याच गुणवत्ता विभागाला दिसले. चौकशीत हा प्रकार १९९६पासून सुरू असल्याचे निघाले.

इंजिनीअरिंग केलेल्या कोणालाही ही युक्ती ओळखीची वाटेल. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आधीच्या बॅचची रीडिंग्ज आम्हीही उतरवली आहेत. त्या रीडिंगवर कोणी अणुभट्टी चालवणार नव्हते, एवढेच.

जपानने इंधन का नाकारले?

जहाज १ ऑक्टोबर १९९९ रोजी ताकाहामाला पोहोचले. आदल्याच दिवशी तोकाईमुराच्या इंधन कारखान्यात कामगारांनी ठरलेली प्रक्रिया टाळल्याने भीषण दुर्घटना घडली होती. पाठवलेल्या इंधनाच्या नोंदी चोख असल्याचे बीएनएफएल सांगत राहिली. डिसेंबरमध्ये मात्र त्याही नोंदींत बनावट आकडे असल्याचे मान्य करावे लागले.

ब्रिटनच्या अणुनियामकाने फेब्रुवारी २०००मध्ये अहवाल दिला. त्यानुसार हे इंधन वापरायला सुरक्षितच होते, कारण यंत्रावरची पहिली तपासणी झालेली होती. मग अडले कुठे? यंत्र चुकले तर पकडता यावे, यासाठीच ग्राहकाने दुसरी तपासणी मागितली होती. तीच खोटी निघाल्यावर पहिलीला साक्षीदार उरला नाही. जर्मनीतही अशाच नोंदींचे इंधन काढण्यासाठी उंटरवेझर अणुभट्टी बंद करावी लागली.

दोष कोणाचा?

कामगारांना बडतर्फ केले गेले. पण नियामकाचे बोट व्यवस्थापनाकडेही होते : कंटाळवाणे काम, गैरसोयीची रचना आणि देखरेखीचा अभाव. मुळात यंत्राने मोजलेलेच पुन्हा का मोजायचे, हे कामगारांना पटवून न देता त्यांच्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवणे हे ढिसाळ व्यवस्थापनच म्हणावे लागेल. मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन टेलर यांनी त्याच महिन्यात पद सोडले. कन्साईला चार कोटी पौंडांची भरपाई मिळाली. इंधन २००२मध्ये सशस्त्र जहाजांतून ब्रिटनला परतले. ताकाहामात मॉक्सचा वापर सुरू व्हायला २०१०ची अखेर उजाडली, तोही फ्रान्समध्ये बनलेल्या इंधनावर.