पायी येणाऱ्याचा पहिला मान

महाशिवरात्रीच्या दिवशी परळी वैजनाथचे रूपच पालटते. वैद्यनाथ मंदिराच्या वाटेवर दर्शनाच्या रांगा लागतात, वाहने अलीकडेच थोपविली जातात आणि एरवी कर्णकर्कश भोंग्यांनी गजबजलेल्या रस्त्यावर केवळ माणसांची पावले उमटतात. लेकराचे बोट धरलेली आई आणि काठी टेकत निघालेले आजोबा रस्त्याच्या मधोमध निर्धास्तपणे चालतात. दोन-तीन दिवसांनी यात्रा पांगते, कठडे निघतात आणि त्याच रस्त्यावरून त्याच आजोबांना जीव मुठीत धरून चालावे लागते. यातून एक साधा प्रश्न उभा राहतो. जी व्यवस्था आपल्याला यात्रेत साधते, ती एरवी का साधू नये?

हा प्रश्न मला सुचला तो २०२५च्या श्रावणातील एका सोमवारी. पंचाहत्तरी ओलांडलेल्या मावशीला घेऊन मी परळीला उतरलो होतो. रेल्वे स्थानकापासून मंदिर फार लांब नाही. देवाला पायीच जायचे, हा मावशीचा आग्रह. मात्र बाजारपेठेत शिरल्यावर तिची पावले अडखळू लागली. दुकानांपुढे दुचाकींची दुहेरी रांग, तिच्यापुढे हातगाड्या आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात रिक्षा, मोटारी, मालाचे टेम्पो. चालणाऱ्याने चालायचे कोठून? दोनदा ती एका दुकानाच्या ओट्याचा आधार घेऊन उभी राहिली. अखेर आम्ही रिक्षा केली. अर्थात ती रिक्षाही त्याच कोंडीत अडकली. तेव्हा मावशी म्हणाली, "अरे, वैजनाथाच्या पायऱ्यांचं मला भय नाही वाटत. या रस्त्याचं वाटतं."

या एका वाक्यात परळीच्याच नव्हे, तर महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या गावांची व्यथा सामावली आहे. परळीच्या बाबतीत ती अधिक बोचते, कारण हे गाव मुळात पायी येणाऱ्यांचे आहे. आज उभ्या असलेल्या मंदिराचा जीर्णोद्धार पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी केला. २०२५ हे त्यांच्या जन्माचे त्रिशताब्दी वर्ष होते. गावोगावी कार्यक्रम झाले, व्याख्याने झाली, प्रतिमापूजन झाले. पण अहिल्यादेवींच्या कार्याचे मर्म आपण किती ओळखले? त्यांनी केवळ मंदिरे उभारली नाहीत. घाट बांधले, विहिरी व बारवा खोदविल्या, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी केली. म्हणजेच देवाच्या दारापर्यंत चालत येणाऱ्या सामान्य माणसाच्या वाटचालीचा विचार केला. देवालयाइतकीच देवालयाची वाटही पवित्र मानणारी ही दृष्टी होती. आपण देवालयाला रोषणाई करतो आणि वाट मात्र वाहनांच्या हवाली करतो.

या दुरवस्थेचा दोष कोणा एकाच्या माथी मारणे सोपे असले, तरी ते न्यायाचे नाही. दुकानदार आपला माल पायरीच्या पुढे मांडतो, कारण शेजाऱ्याने मांडलेला असतो. ग्राहक दुचाकी थेट दुकानाच्या तोंडाशी लावतो, कारण गाडी लावण्याची दुसरी जागा कोणी दाखविलेली नसते. हातगाडीवाला रस्त्यावर उभा राहतो, कारण त्याचे पोट त्याच गर्दीवर अवलंबून असते. मोंढ्यातील माल कधीतरी उतरवावाच लागतो. प्रत्येकाचे कारण त्याच्यापुरते खरे आहे. या सगळ्या खऱ्या कारणांची बेरीज होते तेव्हा पादचारी उणे होतो, एवढेच.

हे उणे होणे केवळ गैरसोयीपुरते नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण दगावले. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. दर पाच मृतांमागे जवळपास एक जण केवळ पायी चालत होता. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याची दखल घेऊन, पादचाऱ्यांना विनाअडथळा पदपथ मिळणे हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. पदपथ कसा असावा याचे मापही ठरलेले आहे. भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी जागा हवी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढता येईल असाच तो हवा. नियम आहेत, निवाडे आहेत. उणीव आहे ती इच्छाशक्तीची.

इतरत्र काय घडले, तेही पाहावे. पुणे महानगरपालिकेने २०१६मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवून 'पादचारी दिन' साजरा केला. पुढेही तो होत राहिला. उपक्रम स्तुत्यच, पण दुसऱ्या दिवशी रस्ता पूर्ववत होत असेल तर तो उत्सव ठरतो, सुधारणा नव्हे. दिल्लीच्या चांदणी चौकाने याहून पुढचे पाऊल टाकले. लाल किल्ला ते फतेहपुरी या सुमारे १.३ किलोमीटरच्या रस्त्यावर २०२१पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटार वाहनांना मज्जाव करण्यात आला. मालाची ने-आण रात्रीवर गेली. तेथेही नंतर वाहनांची घुसखोरी आणि अतिक्रमणे यांच्या तक्रारी झाल्या. म्हणजे फरशी बसविणे सोपे. रोजचा पहारा ठेवणे अवघड. परळीने या दोन्ही अनुभवांतून शिकावे.

येथे व्यापारी बंधूंची शंका रास्त आहे. गाड्या बंद झाल्या तर गिऱ्हाईक येईल का? याचे उत्तर त्यांनी आपल्याच गल्ल्याला विचारावे. यात्रेच्या दिवसांत वाहने बंद असतात, तेव्हा बेल-फुलांचा, प्रसादाचा आणि बांगड्यांचा व्यवसाय घटतो की वाढतो? मोटारीतून जाणारा दुकान पाहत नाही. चालणारा पाहतो, थांबतो आणि घेतो. राहिला हातगाडीवाल्यांचा प्रश्न. त्यांना हुसकावून लावणे हा उपाय नव्हे. पथविक्रेता अधिनियम २०१४नुसार आधी सर्वेक्षण करायचे, प्रमाणपत्रे द्यायची आणि जागा नेमून द्यायच्या. शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावे लागतात. दिवसभराच्या कमाईवर चूल पेटविणारा तो माणूसही आपल्याच समाजाचा घटक आहे, याचे विस्मरण होऊ नये.

मग करायचे काय? माझी सूचना छोटी आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या ११५व्या कलमान्वये राज्य शासनाला, किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेला, सार्वजनिक सुरक्षितता व सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी घालता येते. बंदी एक महिन्यापेक्षा अधिक काळाची नसेल, तर राजपत्रातील अधिसूचनेचीही गरज नसते. स्थानिक पातळीवर पुरेशी प्रसिद्धी दिली की पुरते. श्रावण हा नेमका एका महिन्याचा! तेव्हा येत्या श्रावणात मंदिराकडे जाणारा बाजारपेठेतील एकच मुख्य पट्टा सकाळी ९ ते रात्री ९ पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. मालाच्या गाड्यांनी पहाटे किंवा रात्री यावे. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना दुचाकी लावण्याची सोय, अधूनमधून सावली, बाकडी आणि पाणपोई. रुग्णवाहिका, अग्निशामक गाडी आणि दिव्यांगांचे वाहन यांना मुभा. महिन्याअखेरीस व्यापारी, विक्रेते, रहिवासी आणि भाविक यांना एकत्र बसवून विचारावे की चालू ठेवायचे का?

ही वेळ योग्य आहे. दीर्घकाळच्या प्रशासकीय राजवटीनंतर डिसेंबर २०२५मध्ये राज्यातील नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या. निधीची सबब सांगता येणार नाही इतक्या अल्प खर्चात होणारे हे काम आहे. शिवाय १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून निघालेली रेल्वे बीडपर्यंत पोहोचली. २६१ किलोमीटरच्या त्या मार्गाचे अंतिम स्थानक परळीच आहे. उद्या भाविकांचा ओघ वाढेल, तो पायीच बाजारात उतरणार आहे.

परंतु सगळे काही नगर परिषदेवर आणि पोलिसांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. यात्रेत पाणी वाटणारे आणि रांगा सांभाळणारे स्वयंसेवक याच गावातील असतात. त्यांनी श्रावणात रोज दोन तास पट्ट्याच्या टोकाशी उभे राहावे आणि हात जोडून गाडी बाहेर लावायला सांगावे. मात्र त्याआधी आपापली दुचाकी घरी ठेवून यावे. आपल्या दुकानापुढील दोन हात जागा प्रथम आपण मोकळी करावी. उपदेशाआधी आचरण, ही आपली रीत आहे.

वैजनाथाच्या दर्शनाला मावशी पुन्हा येणार आहे. पायऱ्या ती चढेल, याविषयी मला शंका नाही. पायऱ्यांपर्यंतची वाट तेवढी आपण तिला चालू द्यावी.