सहल जवळची, पाणी वरचं
पावसाळ्यात इंदूरकरांना सहलीसाठी लांब जावं लागत नाही. पातालपानी, तिंछा, चोरल, जानापाव सगळं हाकेच्या अंतरावर. 2018 पासून पातालपानी-कालाकुंड हेरिटेज रेल्वेही आहे. पण जवळचं म्हणजे सुरक्षित, हा समज महागात पडतो. जुलै 2011 मध्ये पातालपानीत अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीला आलेलं कुटुंब वाहून गेलं. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ तेच घडलं. एकाच कुटुंबातले पाच जण गेले.

राज्यं दोन, कारण एकच. पाऊस वर डोंगरात कोसळतो, लोंढा काही क्षणांत खाली येतो. बंदीचे फलक काठावर असतात, धोका वरून येतो. म्हणून वरच्या अंगाला पाणी वाढताच खाली भोंगा वाजायला हवा. तोवर पाणी गढूळ दिसलं की काठ सोडायचा. सेल्फी राहिली तर राहू दे.